तंबूची पहिली आंघोळ

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायची आता गरज नाही. खुशाल जवळ या. मी एक जुना तंबू आहे. जाड सुती कापड, दोन काठ्या, काही दोऱ्या आणि एका कोपऱ्याला निळं ठिगळ, एवढाच माझा संसार. आज मला उन्हाचा वास येतो. पण एक काळ असा होता, की माणूस माझ्याजवळ आला की 'शी!' म्हणून मागे सरायचा. उघड्या गटारालासुद्धा कोणी इतक्या मनापासून 'शी' म्हणत नाही, कारण गटाराची सवय झालेली असते.

मला राग लोकांच्या 'शी'चा नव्हता. त्यांचं खरंच होतं. माझी मलाच किळस येत होती.

माझा जन्म १९९५ साली, भिवंडीजवळच्या दिघाशी गावात झाला. केसरीनाथ पाटील या तरुणाने आपल्या भातशेतीच्या कडेला पत्र्याची शेड बांधून त्यात यंत्रमाग बसवले होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या लूमवर मी विणला गेलो. त्याआधी मी नुसतं सूत होतो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात. मक्याचं पीठ शिजवून दाट पेज करतात, तिच्यात जनावराची चरबी सोडतात आणि त्या वाफाळत्या चिकट डबक्यातून धागा न् धागा बुडवून काढतात. वाळल्यावर सूत ताठ होतं. पण पीठ आणि चरबी अंगात मुरून राहतात. माझ्या आयुष्यातलं पहिलं जेवण ते, आणि ते मी कधी पचवू शकलो नाही.

शेडमध्ये दुसरं काय होतं म्हणता? हवेत उडणारा कापसाचा भुगा, काळं वंगण, विड्यांचा धूर. आडवा धागा ने-आण करणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि धोट्याच्या बारीक भोकातून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यायचा. तंबाखूने भरलेल्या तोंडाने! दर वेळी माझ्या आडव्या धाग्याला ती ओली थुंकी लागायची. मला शिसारी यायची. पण कापडाला अंग चोरता येत नाही.

अशा अवस्थेत, लूमवरून नुकताच उतरलो असताना, सुधीरने मला पाहिलं.

सुधीर हा केसरीनाथचा शाळेपासूनचा मित्र. बी.एस्सी. झालेला, पदार्थविज्ञान घेऊन. भिवंडीतल्या एका कॉलेजात तो मुलांचे प्रयोग करून घ्यायचा. गणपतीत त्याने नवी मोटारसायकल घेतली होती, लाल टाकीची. शेडच्या दारात ती अशी चकाकत उभी होती की कोंबड्यासुद्धा तिच्याभोवती वळसा घालून जात होत्या. सुधीरने माझ्यावरून हात फिरवला, मग पाण्याची बाटली काढली आणि माझ्यावर थोडं पाणी ओतलं. ते आत गेलं नाही. मोत्यासारखं गोळा होऊन राहिलं. सुधीर घड्याळ बघत उभा.

"केश्या, हे कापड पाणी धरत नाही!"

"मग! आपला माल हाय तो," केसरीनाथ म्हणाला. गळ्यातली साखळी शर्टाबाहेर काढायची त्याला सवय होती. "पण तुला कशाला? विजार शिवतंस?"

"तंबू शिवायचाय. नीम का थानाला जायचंय. गाडीवर. एकट्याने."

"थान्यात? काय गुन्हा केलास रं?"

"अरे, गाव आहे ते. राजस्थानात. दिवाळीत खग्रास सूर्यग्रहण आहे. चंद्राची सावली त्या गावावरून जाणार. आपल्याकडे सूर्य नुसता कुरतडल्यासारखा दिसेल, तिथे पूर्ण झाकेल. मिनिटभरसुद्धा नाही. पण ते मिनिट मला बघायचंय."

केसरीनाथने मला मापून फाडून दिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या आयेला सांगू नको. ग्रहणात ती भाजीबी चिरत न्हाय न् दुसऱ्यालाबी चिरू देत न्हाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून सांगायचं होतं, 'बाबा रे, हे पाणी पिठामुळे आणि चरबीमुळे थांबलंय! एकदा भिजलो की बघ!' पण आम्हाला तोंड कुठे असतं?

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका मशीनवाल्याने मला शिवलं. तो पोती आणि ताडपत्र्या शिवायचा. माझ्यातून सुई घालताना तो वैतागला. "पापड जैसा कडक है, सुई चिपक रही है," म्हणाला आणि सुईला चिकटलेला पांढरा राप दर दोन हातांवर नखाने खरवडून माझ्यावरच झटकत राहिला.

सुधीरचं घर निजामपुऱ्याच्या कडेला, एका गल्लीच्या तोंडाशी होतं. चहूबाजूंनी लूमचा खडखडाट. घरात आई सुमती आणि वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ नगरपालिकेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. मला त्या घराच्या खाटेवर पसरलं गेलं आणि बेत सुरू झाला.

मी पुष्कळ माणसं पाहिली, पण सुधीरसारखा बेत करणारा पाहिला नाही. त्याने माझ्या काठावरचा एक धागा ओढून काढला आणि शाळेच्या जुन्या नकाशावर ठेवला. भिवंडीपासून आग्रा रोडने नाशिक, धुळे, इंदूर, मग कोटा, जयपूर आणि शेवटी नीम का थाना. रस्ता वळेल तसा धागा वळवत गेला. मग तो सरळ करून पट्टीवर मोजला. पुढे मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या, त्यांत विटा भरल्या आणि तोल कसा राहतो ते बघायला तो निजामपुऱ्याच्या गल्लीत फिरून आला. एका वळणावर सायकलवाल्याला चुकवताना गाडी कलली आणि विटा थेट एका हॉटेलाच्या पायरीवर. हॉटेलवाला म्हणाला, "मास्टर, मकान बनाना है तो रिक्षा कर लो." सुधीरने विटा गोळा केल्या आणि गाडी कलली त्या बाजूची पिशवी हलकी केली.

घरातले मात्र पाघळले नाहीत.

"ग्रहण टीव्हीवर दाखवणार आहेत," भाऊ पेपराआडून म्हणाले. "सूर्य तोच आहे."

"टीव्हीवर गारवा कळत नाही, भाऊ. सावली आली की हवेचं तापमान उतरतं. मी थर्मामीटर नेणार आहे."

"गारवाच हवा तर नळाखाली बस."

सुमतीबाईंचं दुःख वेगळं होतं. "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरात नसणार तू? उटणं कोणाला लावू मी, तुझ्या मोटारसायकलला?"

"आई, पुढचं असं ग्रहण कधी, कुठे, ढग असतील की नसतील..."

"आणि झोपणार कुठे? रस्त्यावर? ह्या..." त्यांनी मला बोटांच्या चिमटीत उचललं आणि नाक मुरडलं. "ह्याला कसला रे वास येतो? शिळ्या भातासारखा?"

शेवटी भाऊंनी निकाल दिला. ते निकाल फायलीवर शेरा मारावा तसे द्यायचे. "नव्या गाडीची पूजा वज्रेश्वरीला करायचीच आहे. दसरा झाला की जा. त्या रात्री तिथेच ह्या तंबूत झोप. सकाळी धड परत आलास, तर राजस्थान. नाहीतर दिवाळी घरी."

सुधीरने लगेच होकार दिला. मला धडकी भरली.

वज्रेश्वरीला गाडीची पूजा थाटात झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला तेव्हा पाण्याचे शिंतोडे लाल टाकीवर उडाले आणि सुधीरने ते आपल्या रुमालाने पुसले. मी मागे दोरीने करकचून बांधलेला. गाडीला हार, आणि माझ्यावर पुजाऱ्याने लिंबाची फोड भिरकावली, चुकून.

संध्याकाळी देवळापासून लांब, तानसा नदीच्या बाजूच्या माळावर सुधीरने मला उभं केलं. काय रुबाबात उभा होतो मी! खळीमुळे पत्र्यासारखा ताठ. सुधीर चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, "वा!" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मला लाज वाटली, कारण ती माझी नव्हती, पिठाची होती.

रात्री परतीच्या पावसाची एक सर आली. फार मोठी नव्हे. पण सर ओसरायच्या आतच मी विरघळू लागलो. आधी शिवणी पाझरल्या. मग माझं अंग बुळबुळीत झालं, हात लावला की पांढरी पेज बोटांना यायची. ताठपणा गेला, मी मधोमध खचलो आणि ओल्या साबणाच्या फडक्यासारखा सुधीरच्या तोंडावर पडलो. बाहेर एक म्हैस आली. पेजेचा वास तिला लांबून लागला असणार. तिने मला चाटायला सुरुवात केली. खरखरीत, ऊन, लाळेने भरलेली जीभ! मित्रांनो, मी तुम्हाला सगळं सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ती चाटून थांबली नाही. माझा एक कोपरा तिने चघळून गिळला. निळं ठिगळ आहे ना, तीच ती जागा.

सकाळी सुधीरने मला पिळून गुंडाळलं आणि गाडीवर बांधलं. भिवंडीपर्यंत ऊन लागलं, आणि त्या उबेत माझ्या पोटातलं पीठ आंबलं. घरी पोहोचेपर्यंत चरबीचा कुबट वास आणि आंबलेल्या पेजेचा वास एकत्र झाले होते. सुमतीबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पदर नाकाला लावला.

"अरे, गटारात झोपलास की काय?"

भाऊंनी सुधीरच्या केसांत वाळलेला पांढरा राप पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर परत उघडला. "लागला निकाल," ते म्हणाले.

सुधीर वाद घालू शकला असता. घातला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "शी!"

बाकीच्यांची 'शी' मी सोसली होती. ही नाही सोसली.

मला जिन्याखाली टाकलं गेलं, ओलाच. ज्याने ओलं कापड कधी गुंडाळून ठेवलंय, त्याला पुढचं माहीत आहे. आधी करड्या ठिपक्यांची बुरशी आली. मग काळ्या. मग झुरळं आली, कारण मी त्यांचा शिधा होतो. एक उंदीर रोज माझ्या घडीत शिरून पिठाळ शिवण कुरतडायचा आणि तिथेच घाण करायचा. शेजारच्या ठकुबाई जिन्यावरून जाताना थांबून म्हणायच्या, "सुमतीवहिनी, जिन्याखाली घूस मेलीय का हो? बघा तरी, दोन दिस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय." सुमतीबाई काठीने मला आणखी आत ढकलायच्या. हाताने नाही, काठीने.

आणि सुधीर? त्याने नकाशा गुंडाळून ठेवला. पिशव्या खुंटीला लटकत राहिल्या. कॉलेजातून आला की गाडी पुसायचा आणि तिच्यावर न बसताच आत जायचा. गल्लीतली पोरं विचारायची, "सर, कधी निघणार?" तो म्हणायचा, "बघू." ऑक्टोबर पुढे सरकत होता. सावली तिच्या ठरलेल्या वेळेला येणार होती. ती कोणासाठी थांबत नाही.

मग एका संध्याकाळी, जिन्यापाशी गाडी चालू करून बघताना तिच्या किकने उलट झटका दिला आणि सुधीरच्या नडगीची कातडी सोलून निघाली. तो तिथेच पायरीवर बसला. सुमतीबाई आयोडीनची बाटली आणि कापूस घेऊन आल्या. "बस नीट. लहान आहेस का? ह्या गाडीने मेलं घरात..." बोलता बोलता त्यांचा हात हलला. आयोडीनचे थेंब त्याच्या नडगीवरून ओघळले आणि खाली, जिन्याखालून डोकावणाऱ्या माझ्या टोकावर पडले.

आयोडीन तपकिरी असतं. सुधीरच्या कातडीवर ते तपकिरीच होतं. माझ्यावर मात्र ते निळंकाळं झालं. शाईसारखं.

सुधीर नडगी विसरला. त्याने आईच्या हातून बाटली ओढून घेतली, एक थेंब आपल्या शर्टाच्या टोकावर टाकला. तपकिरी. एक माझ्यावर, दुसरीकडे. काळानिळा. तिसरा, आणखी आत. काळानिळा. तो हसायला लागला.

"आई, हे पीठ आहे!"

"काय पीठ आहे? माझं आयोडीन संपवलंस."

"तंबू पिठाने भरलाय! शाळेत बटाट्यावर नाही का टाकायचो? अगं, ही बुरशी कापडाला नाही, पिठाला लागलीय. ते पाणीही कापडाने नव्हतं अडवलं."

तो मला हातांनी उचलून, नाक न धरता, गाडीवर टाकून दिघाशीला निघाला. नडगीवर बांधलेला कापूस वाटेतच कुठेतरी पडला.

केसरीनाथ शेडच्या दारात चहा पीत होता. मला बघून त्याने कप दूर धरला. "हा माझा माल न्हाय. असला मेलेला माल मी इकत न्हाय."

"तुझाच आहे. खळ कशाची असते रे तुमची?"

"मक्याचं पीठ. न् थोडी चरबी. चरबी न्हाय तर ताण्याचं उभं सूत तुटतं."

"मग ती धुऊन कोण काढतं?"

केसरीनाथ विचार करू लागला. "आम्ही कशाला धुवू? आम्ही इणतो न् टेम्पोत भरतो. पुढं ते अहमदाबादला जातं, राजस्थानात पालीला जातं. तिथं धुतात, रंगवतात. म्हंजे, धुवत असतील."

"तू कधी बघितलंस?"

"न्हाय."

मित्रांनो, हीच आमची गोष्ट होती. भिवंडीत दिवसरात्र कापड जन्माला येतं, पण ते धुतलेलं कोणी पाहत नाही. सुधीर लूमच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेला, केसरीनाथ लूमचा मालक. दोघांनाही लूमवरून उतरलं म्हणजे कापड तयार झालं असंच वाटत होतं.

केसरीनाथची आई सीताबाई ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. तिने मान वर केली. "म्हंजे पोर जन्मलं न् आंघोळ न घालताच बाजाराला धाडलंव व्हय रं? एवढी वरसं? अन् बारशाला पेढे खाल्लंव!" तिला इतकं हसू आलं की हातातला बोंबील सुटला. केसरीनाथ कानापर्यंत लाल झाला.

पिठाचं काय करायचं ते सुधीरला सुचलं. आपण भाकरी चावत राहिलो तर ती गोड लागायला लागते. थुंकी पिठाची साखर करते. तशीच करामत मोड आलेल्या धान्यात असते. एवढ्या तंबूवर थुंकत बसणं शक्य नव्हतं, तेव्हा धान्यच हवं. हे त्याने तिथेच सांगितलं, तेव्हा मला धोट्याला लागणारी ती तंबाखूची थुंकी आठवली आणि पहिल्यांदाच तिचा थोडा कमी राग आला.

तो घरी गेला. आईला म्हणाला, "तुझं मोड आलेल्या नाचणीचं पीठ आहे ना, आंबिलीचं, ते दे."

"अशक्तपणा आलाय का?"

"तंबूला हवंय. खळीत पीठ आहे आणि चरबी."

"चरबी?" सुमतीबाईंचा आवाज चढला. "जनावराची? माझ्या जिन्याखाली? पाण्याच्या हंड्याच्या शेजारी?" त्यांनी आधी हंडा रिकामा केला, घासला, परत भरला. मग जिना धुतला. मग स्वतः अंगावरून पाणी घेतलं. सुधीर उभाच होता. शेवटी त्यांनी नाचणीचा डबा काढला आणि एक जुनी ॲल्युमिनियमची वाटी भरली. "घे. ही वाटी परत आणायची नाही. आणि ते धूड ह्या घरात आणायचं असेल, तर आधी मी वास घेणार. मी हो म्हटलं तरच."

सुधीर म्हणाला, "कबूल." आता निर्णय भाऊंच्या हातात नव्हता, आईच्या नाकात होता.

सीताबाईच्या परसात, भाताच्या खळ्याशेजारी, एका जुन्या लोखंडी पिंपात पाणी तापवलं. ग्रहणासाठी आणलेला थर्मामीटर सुधीरने त्यात धरला. हात घालवेल, पण ठेववणार नाही, इतकं ऊन. त्यात नाचणीचं पीठ आणि मग मी. झाकण लावून पोत्यांनी गुंडाळलं. पिंपातून असा वास सुटला, की केसरीनाथने लूम सोडून गावाची क्षमा मागितली. रस्त्याने जाणारा एक म्हातारा झाकणाकडे बघून विचारून गेला, "काय गाळता रं? आम्हाला ठेवा."

सुधीर मधूनमधून माझा काठ बाहेर ओढायचा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. काळानिळा. मग जांभळट. मग लालसर. मग एकदा थेंब पडला आणि तपकिरीच राहिला. माझ्यातून पीठ गेलं होतं. नंतर चरबीसाठी धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात मला परत शिजवलं. पिंपातलं पाणी गढूळ, पिवळं, वर तवंग. ते पाणी बांधावर ओतलं तेव्हा मी ते पाहिलं आणि मला ओकारी आली. एवढं सगळं माझ्यात होतं! मग विहिरीचं थंड पाणी, बादलीमागून बादली. सीताबाईने काठाचा एक तुकडा हाताने चोळला. "आता बाळ दिसतं," ती म्हणाली. म्हशीने खाल्लेल्या कोपऱ्याला तिने आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचं ठिगळ लावलं.

पण मित्रांनो, आता मी मऊ झालो होतो. पाणी ओतलं की सरळ आत. सुधीरने डोकं खाजवलं, दोन दिवस कॉलेजच्या लायब्ररीत बसला आणि घरी येऊन भाऊंच्या दाढीच्या सामानात हात घातला.

"काय शोधतोस?"

"तुरटी. साबणाच्या पाण्यात तंबू बुडवायचा, मग तुरटीच्या पाण्यात. धाग्यांवर एक न विरघळणारा साबण बसतो. मग पाणी शिरत नाही."

भाऊंनी आपला गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा बघितला. "एवढ्याने काय होणार?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि बाजारातून एक मोठा ओबडधोबड खडा कागदात बांधून आणला. सुधीरच्या पुढ्यात ठेवला. "दाढीला पुरेल एवढी उरव," म्हणाले, आणि आत गेले.

साबणाच्या आणि तुरटीच्या पाण्यातून निघून मी वाळल्यावर सुधीरने मला घराच्या पायरीवर उलगडलं. सुमतीबाई बाहेर आल्या. त्यांनी हात धुतले, पुसले, पदर खोचला. मला दोन्ही हातांनी उचललं. चिमटीत नाही. नाक माझ्या घडीत घातलं आणि श्वास घेतला. एक, मग परत एक, खोल. गल्लीत लूम खडखडत होते. सुधीर श्वास धरून उभा होता. ठकुबाई जिन्यावर थांबल्या होत्या.

"कसलाच वास येत नाही," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांना त्याचं जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं. मग त्या सुधीरला म्हणाल्या, "कधी निघणार?"

"उद्या पहाटे निघायला हवं."

"मग आत चल. तेल लावते. तुझी पहिली आंघोळ आजच."

असं त्या वर्षी सुधीरच्या पाठीला दिवाळीच्या आधीच उटणं लागलं. मी खुंटीवर घडी घालून ठेवलेला, मोरीतून येणारा उटण्याचा वास घेत होतो. दुसऱ्या दिवशी लाल टाकीच्या मागे मला बांधताना सुधीरने दोरी इतकी करकचून आवळली नाही.

प्रवासाचं फार सांगत नाही. धुळ्याच्या पुढे एका ट्रकवाल्याने माझ्यावर पानाची पिचकारी मारली. इंदूरजवळ ज्या ढाब्याच्या मागे आम्ही झोपलो तिथे उष्टं टाकायचे. कोट्याजवळ पाऊस आला आणि माझ्यावरून मोत्यांसारखा ओघळून गेला, आणि या वेळी ती शाबासकी माझीच होती. नीम का थानाच्या बाहेरच्या माळावर माणसांची जत्रा. केळ्यांची सालं, थुंकी, माझ्या दोरीपाशी कोणी लघवी करत होतं, आणि सुधीर त्याच्यावर ओरडत होता. मग उन्हाचा रंग बदलला. माझी सावली धारदार झाली. सुधीरने थर्मामीटर माझ्या दोरीला बांधला होता. पारा उतरू लागला. पाखरं गप्प झाली. आणि मग काळोखाने माझ्यावर हात ठेवला, थंड, कोरडा. सुधीर थर्मामीटर वाचायला विसरला. तो माझ्या काठीला धरून उभा होता आणि त्याची पकड घट्ट होत गेली. मी कापड आहे, मला मान वर करून सूर्य बघता येत नाही. पण त्या हातातून मला कळलं.

त्यानंतर माझं आयुष्य साधंच गेलं. सुधीरची बदली झाली, संसार झाला. कधी माझ्यावर पापड वाळले, कधी पावसात माझ्याने गाडी झाकली. केसरीनाथच्या भावाच्या हळदीला मला मासळीच्या टोपल्यांवर घातलं, तेव्हा परत दोन दिवस माझी किळस करण्यात गेले. आता मी माळ्यावर असतो.

आज सुमतीबाईंचे केस पांढरे आहेत. पण दर दिवाळीच्या आधी त्या मला माळ्यावरून काढतात, घडी उलगडतात, नाक लावतात. मग दोरीवर टाकतात, उन्हात, पूर्ण वाळेपर्यंत. ज्यांनी मला काठीने ढकललं होतं, त्याच माझा वास बघतात. घरात दुसऱ्या कोणाला तो बघू देत नाहीत.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला कोणाच्या कौतुकाची भूक नाही. ओलं कापड ओलंच गुंडाळू नका. आणि एखाद्या वस्तूची, एखाद्या जनावराची, कोणाचीही किळस आली, तर काठी उचलण्याआधी थांबा आणि एवढंच विचारा: ह्याला कोणी कधी आंघोळ घातली होती का?